पार्श्वभूमी : सीरममधले वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, दुसऱ्या ब्रँडसाठी प्रसाधनं बनवणाऱ्या कंत्राटी कारखान्यांकडे चेहऱ्याच्या वार्धक्यरोधक सीरमची चौकशी आली की सूत्र बहुधा ठरलेलं असतं : क जीवनसत्त्व १५ टक्के, ई १ टक्का, फेरुलिक आम्ल ०.५ टक्के. जोडीला आवळा, ग्रीन टी, हळद किंवा द्राक्षबी यांपैकी एखादा अर्क. या यादीतला प्रत्येक घटक वेगळ्या वाटेने इथवर आला आहे.

अँटिऑक्सिडंट, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने होणारी खराबी रोखणारं रसायन, हा मुळात रबर आणि तेला-तुपाचा विषय. रबर तडकू नये, चरबी खवट होऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही रसायनं वापरात आली. फ्री रॅडिकलमुळे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे, शरीर म्हातारं होतं हा सिद्धान्त १९५६ मध्ये मांडला गेला, आणि तिथून हा विषय माणसाच्या पेशींकडे वळला. जुनं काम मात्र सुटलेलं नाही. क्रीममध्ये ०.०५ ते ०.१ टक्का टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) असेल तर ते क्रीममधलं तेल राखायला असतं, चेहऱ्यासाठी नव्हे. जाहिरातीत ही दोन्ही कामं सर्रास एक केली जातात.

फेरुलिक आम्ल १८६६ मध्ये हिंगाच्या डिंकातून वेगळं काढलं गेलं. आज ते मुख्यतः तांदळाच्या कोंड्याच्या तेलातल्या ओरायझॅनॉलपासून बनवतात. त्वचेसाठी त्याचं महत्त्व कळायला २००५ उजाडलं. त्याआधी, २००१ मध्ये, डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगांतून दिसलं होतं की क जीवनसत्त्व आत शिरायचं असेल तर द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं द्रावण आम्ल) ३.५ च्या खाली हवा, आणि २० टक्क्यांपुढे मात्रा वाढवून शोषण वाढत नाही. २००५ च्या प्रयोगात ०.५ टक्के फेरुलिक घातल्यावर क आणि ई यांची जोडी टिकाऊ झाली आणि अतिनील किरणांपासूनचं संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीवर गेलं. सनस्क्रीनची जागा त्याने भरून निघत नाही. फेरुलिक थंड पाण्यात जेमतेम विरघळतं. आधी इथॉक्सिडायग्लायकॉल या द्रावकात पूर्ण विरघळवून मगच पाण्यात सोडावं, नाहीतर काही दिवसांत बाटलीच्या तळाशी स्फटिक बसतात.

या सगळ्यात सर्वाधिक घोळ झाला तो मोजमापाचा. १९९३ मध्ये ओरॅक नावाची चाचणी आली. परीक्षानळीत फ्री रॅडिकल तयार करायचे आणि पदार्थ त्यांना किती रोखतो ते मोजायचं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी विभागाने शेकडो खाद्यपदार्थांचे ओरॅक आकडे प्रसिद्ध केले आणि २०१० मध्ये यादी वाढवली. २०१२ मध्ये त्याच विभागाने ती मागे घेतली. कारण असं दिलं की नळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि उत्पादक हे आकडे जाहिरातीत चुकीच्या अर्थाने वापरत आहेत. निर्णय योग्य होता, तरी सौंदर्यप्रसाधनांच्या बाजूने त्याला एक आक्षेप आहे आणि तो ऐकून घ्यायलाच हवा : त्वचेवर लावलेला अर्क पोटातून जात नाही, मग पचनानंतर शरीरात काय होतं हा मुद्दा इथे कसा लागू होणार?

आक्षेप अर्धाच खरा आहे. पचन नाही, पण त्वचेची वरची मृत थर आडवी येते. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू ती थर सहजी ओलांडत नाहीत. फेरुलिक १९४, द्राक्षातलं रेस्वेराट्रॉल २२८, हळदीतलं कुर्क्युमिन ३६८, ग्रीन टीतलं ईजीसीजी ४५८ : हे आकाराच्या मर्यादेत बसतात. आवळ्यातलं कोरिलॅजिन ६३४ चं. नळीत आवळा जबरदस्त आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यातला किती भाग त्वचेत उतरतो हे ती चाचणी सांगूच शकत नाही. जांभळा रंग पिवळा पडतो का हे पाहणाऱ्या डीपीपीएच चाचणीचंही तेच. अर्कविक्रेत्यांच्या माहितीपत्रकांवर हे आकडे अजून छापले जातात. त्यापेक्षा घन अंश (द्रव उडवल्यावर उरणारा भाग) आणि मुख्य घटकाची टक्केवारी मागावी. ग्लायकॉल-पाण्यातल्या अर्कात घन अंश २ टक्के असेल आणि सीरममध्ये तो अर्क ५ टक्के घातला असेल, तर प्रत्यक्ष वनस्पतीचा अंश ०.१ टक्काच भरतो.

आवळ्याची दुसरी अडचण लोखंडाची. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तसाच तो कारखान्यातही पडतो. पाण्यातलं किंवा साध्या पोलादी भांड्यातलं लोह आवळ्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी जुळलं की द्रावण निळं-काळं होतं. म्हणून एसएस ३१६ या न गंजणाऱ्या पोलादाचं भांडं, क्षारमुक्त पाणी आणि लोह बांधून ठेवणारं ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए. मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावरच अर्क घालावा. ईजीसीजी आम्लधर्मी द्रावणात टिकतं, पीएच वाढला की तपकिरी होतं. कुर्क्युमिनचं आणखी कठीण : पीएच ७.२ आणि ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नष्ट होतं, वर पिवळा डाग उरतो. म्हणून रंगहीन टेट्राहायड्रोकुर्क्युमिन पुढे आलं.

खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, क जीवनसत्त्वाचा ड्रम उघडा राहिला की भुकटीचे गठ्ठे होतात. भरताना नायट्रोजनचं आवरण, गडद बाटली आणि हवा न शिरणारा पंप यांवर खर्च वाचवला तर ४० अंशांच्या तीन महिन्यांच्या टिकाऊपणाच्या चाचणीत रंग आधी बिघडतो.

भारतात २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, १ टक्का किंवा त्याखालचे कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिइथॅनॉल या परिरक्षकाची मर्यादा १ टक्का. त्याच्यानंतर छापलेला अर्क १ टक्क्याच्या आतलाच असतो.