टीएमसी आणि क्युसेक: हौद-नळाचं खरं गणित

पुस्तकात एक नळ हौद भरत असतो, दुसरा त्याच वेळी रिकामा करत असतो. ‘सर, दुसरा नळ बंद का नाही करत?’ हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि माझ्याकडे त्याला धड उत्तर नव्हतं. धरणात मात्र दोन्ही नळ खरोखर चालू असतात, वरून आवक आणि खालून विसर्ग. म्हणून जुलै-ऑगस्टात मी पुस्तक मिटतो आणि पेपर उघडतो.

अडखळायला होतं ते बातमीतल्या दोन शब्दांपाशी. टीएमसी म्हणजे साठा: हजार दशलक्ष, आपल्या भाषेत एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार डोळ्यांपुढे आणा, सेकंदाला जवळपास दीड. ‘धरणातून २५ हजार क्युसेक पाणी सोडलं’ हे वाक्य त्यामुळे अर्धवटच. किती वेळ सोडलं ते सांगा, मग किती पाणी गेलं ते सांगता येईल. टीव्हीवरचं ‘क्युसेक प्रतिसेकंद’ तर त्याहून गमतीचं. सेकंद क्युसेकच्या पोटातच आहे.

दोघांना जोडणारा भागाकार मुलांकडूनच करून घेतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. अब्जाला त्याने भागलं की येतात ११,५७४. तेवढे क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात पावसाळाभर मी पुसू देत नाही.

मग पुण्याच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न: खडकवासल्यातून इतक्या लवकर पाणी का सोडावं लागतं? खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, कोयनेची एकूण क्षमता १०५.२५. दोन्हीकडे २३ हजार क्युसेक आवक धरा, दरवाजे बंद ठेवा. रिकामं खडकवासला एका दिवसात काठोकाठ, कोयनेला ५३ दिवस. ‘धरण ९० टक्के भरलं’ या बातमीचा अर्थही इथे फुटतो: उरलेले १० टक्के एकीकडे जेमतेम अडीच तासांचे, दुसरीकडे पाच दिवसांहून जास्त.

(वीजबिलात हीच जोडी भेटते. किलोवॅट हा क्युसेकचा भाऊ, युनिट टीएमसीचा.)

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते आवकेचं गणित. धरणात डोंगरावरून, ओढ्यांतून, चहूबाजूंनी पाणी येतं, त्याला मीटर कुठे लावणार? म्हणून आवक बहुधा साठ्यातल्या फरकावरून काढतात. समजा, काल सकाळी सहाला साठा ८० टीएमसी, आज सहाला ८३, आणि दिवसभर विसर्ग १० हजार क्युसेक. तीन गुणिले ११,५७४, अधिक दहा हजार. सुमारे ४४,७०० क्युसेक. पाणी बाहेर गेलं तर मग बेरीज का, वजाबाकी का नाही, यावर वर्गात हमखास भांडण लागतं. मी मध्ये पडत नाही.