कॉन्फरन्स बदलणं म्हणजे प्रमोशन मिळणं नव्हे, नव्हे, नव्हे

ऑक्टोबर २०२४ मध्ये मेव्हणा नाशिकहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आला होता. त्याला अमेरिकन फुटबॉल बघायचं होतं म्हणून शेजारीच पिस्कॅटवेला रटगर्स युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर घेऊन गेलो. समोर होती लॉस एंजलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीची टीम. मेव्हणा कट्टर लिव्हरपूलवाला, वीकेंडला रात्री जागून इपीएल बघणारा. पहिला क्वार्टर संपायच्या आतच त्याने विचारलं, "दाजी, एवढ्या लांबची टीम इथे कशी काय? खालच्या लीगमधून प्रमोट होऊन आलीय का?" म्हटलं नाही रे, त्यांनी यंदा कॉन्फरन्स, म्हणजे युनिव्हर्सिट्यांचा गट, बदललीय. तर म्हणे, "मग तेच झालं ना!"

तेच नाही झालं. आणि हे "तेच झालं ना" मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा असताना पण ऐकलंय, "अहो ते टेक्सस एसईसीमध्ये क्वालिफाय झालं म्हणे." (टेक्सस म्हणजे तिथली युनिव्हर्सिटी, एसईसी ही अशीच एक कॉन्फरन्स.) क्वालिफाय! म्हणून आज एकदाचं सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कुणी बोललं की हेच पाठवणार.

प्रमोशन तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. टेबलमध्ये वर आलात की वरच्या लीगमध्ये, तळाला राहिलात की खाली. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये इपीएल जिंकली आणि २०२३ मध्ये तीच लेस्टर खाली गेली, कुणी दयामाया दाखवली नाही. आपल्या रणजीत प्लेट आणि एलिट आहे तिथेही तसंच. नियम आधीच छापलेला असतो, पॉइंट मोजायचे, विषय कट.

आता कॉन्फरन्स. पहिला घोळ शब्दाचाच, आमच्या काकांना तर बरेच दिवस वाटत होतं की हा काहीतरी परिसंवाद वगैरे असतो. कॉन्फरन्स म्हणजे काही युनिव्हर्सिट्यांनी मिळून केलेली मंडळी: आपसात मॅचेस खेळायच्या, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. बिग टेन १८९६ ची, एसईसी १९३२ ची. नावावर जाऊ नका, बिग टेनमध्ये आज १८ मेंबर आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये १६, आणि अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये (एसीसी) कॅलिफोर्नियाच्या दोन युनिव्हर्सिट्या आहेत, स्टॅनफर्ड आणि बर्कलीची कॅल. यावर जोक करून लोक थकले, मी पण थकलो, पुढे जाऊ.

खरी गोम इथे आहे की कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये जाणार हे मैदानावर ठरतच नाही. ते ठरतं बंद खोलीत, आणि ठरवतात आधीच्या मेंबर युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट, मत देऊन. एनसीएए म्हणजे कॉलेज स्पोर्ट्सची देशभरची संस्था, ती पण यात "तू इकडे जा, तू तिकडे" करत नाही. कागदोपत्री नवी युनिव्हर्सिटी अर्ज करते आणि कॉन्फरन्स आमंत्रण देते, पण प्रत्यक्षात ते आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमासारखं असतं, पोहे खायला जाईपर्यंत दोन्ही घरांची बोलणी होऊन गेलेली असतात.

टेक्सस आणि ओक्लाहोमाचंच घ्या. जुलै २०२१ मध्ये एसईसीच्या १४ मेंबर्सनी १४-० असं मत देऊन दोघांना बोलावलं. १४ पैकी ११ पुरली असती, सगळीच्या सगळी पडली. आणि त्याच सीझनमध्ये टेक्ससच्या फुटबॉल टीमने काय केलं? ५ जिंकल्या, ७ हरल्या. कॅन्ससकडून घरच्या मैदानावर ५७-५६ अशी हरली, आणि कॅन्सस तेव्हा काय लायकीची टीम होती ते अमेरिकेत कुणालाही विचारा. प्रमोशनचा हिशोब लावला असता तर टेक्ससला वर सोडा, खाली ढकलायला हवं होतं. पण टेक्सस म्हणजे प्रचंड मोठं राज्य, प्रचंड चाहते, टीव्हीसमोर बसणारी माणसं. आमंत्रण त्याला होतं.

आणि आमच्या रटगर्सचं तर काय सांगू. घरची टीम आहे, लाल टीशर्ट कपाटात आहे, तरी खरं ते खरंच. २०१४ मध्ये रटगर्स बिग टेनमध्ये गेली ती फुटबॉलमध्ये फार मोठी वाघ होती म्हणून नाही. न्यू जर्सीत आहे, न्यू यॉर्कला खेटून आहे, म्हणून. बिग टेनचं स्वतःचं टीव्ही चॅनल आहे, आणि केबलच्या जमान्यात ज्या राज्यात मेंबर युनिव्हर्सिटी असेल तिथे त्या चॅनलला केबलवाल्याकडून जास्त दर मिळायचा. म्हणजे आमच्या गल्लीतली जी माणसं फक्त मराठी चॅनल आणि क्रिकेट बघायची त्यांच्याही केबल बिलातून दोन पैसे तिकडे गेले असणार. रटगर्सचं खरं मेरिट ते, पत्ता.

याच्या उलट बॉयझी स्टेट. आयडाहोमधली टीम, निळ्या रंगाच्या टर्फवर खेळते म्हणून फोटो पाहिला असेल. २००६ चा अख्खा सीझन एकही मॅच न हरता काढला, शेवटी जानेवारी २००७ मध्ये फिएस्टा बोल या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमध्ये ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं, ती मॅच आजही लोक काढून काढून बघतात. २००९ मध्ये परत एकही हार नाही. मग पश्चिमेकडच्या मोठ्या पॅक कॉन्फरन्सने (पुढे पॅक-ट्वेल्व्ह) बोलावलं का? नाही. छोटं शहर, छोटं टीव्ही मार्केट. बॉयझीला पॅक-ट्वेल्व्हचं बोलावणं आलं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, तेही २०२६ पासून यायचं म्हणून, आणि तेव्हा त्या वाड्यात उरलं होतं कोण? यूसीएलए, यूएससी, ऑरेगन, वॉशिंग्टन बिग टेनला गेलेले, चौघे बिग ट्वेल्व्हला, स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीला, मागे फक्त ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बारा नावाची पाटी आणि आत दोन माणसं.

खाली जाणं पण तसंच, नाहीच. व्हँडरबिल्ट एसईसीची पहिल्या दिवसापासूनची मेंबर आहे आणि फुटबॉलमध्ये आजवर एकदाही एसईसी जिंकलेली नाही. दशकानुदशकं मार खाल्ला, कुणी काढलं नाही. (ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी अलाबामाला ४०-३५ हरवलं तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटून नदीत नेऊन टाकला, नव्वद वर्षांचा राग असणार तो.) शिकागो युनिव्हर्सिटी तर बिग टेनची संस्थापक मेंबर, पहिली हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती) १९३५ मध्ये त्यांच्या खेळाडूने जिंकलेली, आणि १९३९ मध्ये त्यांनी मोठ्या पातळीवरचं फुटबॉल स्वतःहून बंद केलं आणि १९४६ मध्ये कॉन्फरन्सही सोडली. हरले म्हणून कुणी हाकललं नाही, म्हणाले आम्हाला अभ्यास करायचाय. मला त्यांचं कौतुक वाटतं, मेव्हण्याला अजिबात वाटलं नाही.

मग टीमला जायचं असेल तर अडवतं काय? करार. यातला एक करार लोक कायम विसरतात. मेंबर झालात की तुमच्या घरच्या मॅचेसचे टीव्ही हक्क तुम्ही ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देता. म्हणजे उद्या सोडून गेलात तरी ते हक्क मागेच राहतात. फ्लॅट सोडून दुसऱ्या सोसायटीत राहायला गेलात आणि जुन्या फ्लॅटचं भाडं जुन्या सोसायटीच्या खात्यातच जमा होतंय, असं. एसीसीचा हा करार २०३६ पर्यंतचा, म्हणूनच तिचे मेंबर फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. टेक्सस आणि ओक्लाहोमाला बिग ट्वेल्व्हमधून एक वर्ष आधी सुटायला मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले. यूसीएलएने मात्र डोकं लावलं, २०२२ मध्ये जाहीर केलं आणि पॅक-ट्वेल्व्हचा टीव्ही करार संपला तेव्हाच, २०२४ मध्ये, बाहेर पडले.

आणि पैसे. प्रमोशन मिळालेल्या क्लबवर पैशांचा पाऊस पडतो हे इपीएलवाल्यांना पाठ असतं. इकडे डॅलसची एसएमयू २०२४ मध्ये एसीसीत आली ती नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा नको असं कबूल करून. नऊ वर्षं! त्यांच्याकडे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, ते भरतील म्हणे. स्टॅनफर्ड आणि कॅलनेही पहिली सात वर्षं साधारण ३० टक्के वाट्यावर मान डोलावली, तरी मत जेमतेमच पडलं, १५ पैकी १२ हवी होती आणि एक मत आयत्या वेळी फिरलं म्हणून जमलं. आणि बिनपैशाची एसएमयू पहिल्याच वर्षी एसीसीच्या आठच्या आठ लीग मॅचेस जिंकून बसली. पैशांचं आणि खेळाचं गणित एवढं वेगळं चालतं इथे.

आता ज्याची मला खरी चीड येते ते. लोक "टीम गेली" म्हणतात, डोळ्यासमोर फुटबॉल असतं. गेलेली असते युनिव्हर्सिटी, सगळे खेळ घेऊन. टीव्हीचा पैसा येतो फुटबॉलमुळे आणि विमानात बसतात व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या पोरी. लॉस एंजलिस ते आमचं नेवार्क एअरपोर्ट जवळपास ४,००० किलोमीटर, मुंबई-गुवाहाटीच्या जवळपास दुप्पट, वर तीन तासांचा घड्याळातला फरक. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात, त्यांना चालून जातं. व्हॉलीबॉलवाल्या मात्र आठवड्यात दोन-दोन मॅचेस खेळतात आणि सोमवारी त्यांना क्लास असतो. प्रमोशनमध्ये फक्त तीच टीम वर जाते, बाकी कुणाच्या ताटातलं काही हलत नाही.

एनसीएएच्या डिव्हिजनचं पण सांगून टाकतो, कारण "मग डिव्हिजन वन, टू, थ्री म्हणजे तर प्रमोशनच ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाही बाबा. तो खर्चाचा आणि स्कॉलरशिपचा वर्ग आहे, थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. नॉर्थ डाकोटा स्टेटने डिव्हिजन वनच्याच खालच्या फुटबॉल गटात २०११ ते २०१५ सलग पाच किताब जिंकले, तरी आपोआप कुणी वर नेलं नाही. वर जायला वरच्या एखाद्या कॉन्फरन्सचं आमंत्रण लागतं, आणि २०२३ पासून ५० लाख डॉलर फी. आधी ती फक्त ५,००० होती. आणि मिनेसोटाची सेंट थॉमस तर सतत जिंकते म्हणून २०१९ मध्ये तिच्या कॉन्फरन्सने तिला जायला सांगितलं, मग २०२१ मध्ये ती थ्रीमधून थेट वनमध्ये गेली. जिंकल्यामुळे हाकलली! मेव्हणा इथे खरंच गप्प झाला.

खेळाडूने कॉलेज बदलणं हा तिसराच विषय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मध्ये आणू नका.

मॅच यूसीएलएने ३५-३२ अशी जिंकली. पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला, तेवढ्यात मेव्हण्याला बहुतेक सगळं पटलं. मग फोनवर काहीतरी वाचत म्हणाला, "दाजी, हे नोत्रे डेम कुठल्या कॉन्फरन्समध्ये?" म्हटलं आधी उच्चार सुधार, नोटर डेम. बाकी बहुतेक खेळात एसीसी, आइस हॉकीत बिग टेन, आणि फुटबॉलमध्ये कुठेच नाही, त्यांचा १९९१ पासून एनबीसी या टीव्ही चॅनलशी स्वतंत्र करार आहे. "म्हणजे प्रमोशन पण नको आणि कॉन्फरन्स पण नको?" हो. सिग्नल सुटला, आणि घरी पोचेपर्यंत तो तेच बडबडत होता, असं कसं चालतं, असं कसं चालतं.