एक भिंत गेली आणि अख्खा कोपरा खाली आला

पिलर तुटला की बिल्डिंग पडणारच असं आपण धरूनच चालतो, पण तसं काही नाहीये. नीट बांधलेल्या आरसीसी फ्रेममधला, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पिलर-बीमच्या सांगाड्यातला, एखादा पिलर गेला तरी बीम-स्लॅब वाकतात, तडे जातात, आणि लोड बाजूच्या पिलरवर जातो. निदान माणसांना बाहेर पडायला वेळ तरी मिळतो.

एक आधार गेला तरी बाकीची बिल्डिंग टिकली पाहिजे, ही गोष्ट नियमात आली ती लंडनच्या रोनन पॉइंटमुळे. कॅनिंग टाउनमधला 22 मजली टॉवर, उघडून जेमतेम दोन महिने झालेले. 16 मे 1968, पहाटे पावणेसहाच्या सुमारास 18व्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली, घरात गॅस लीक झालेला, स्फोट झाला. स्फोट तसा छोटाच, त्या बाईंच्या कानाचे पडदेसुद्धा शाबूत राहिले, त्या वाचल्या. पण बाहेरची भिंत निखळली आणि ती भिंत म्हणजे नुसतं पार्टिशन नव्हतं, वरच्या चार मजल्यांचा भार तिच्यावरच! ते मजले कोसळले, त्यांच्या दणक्याने खालचेही एकेक करत पार तळापर्यंत गेले. चार जण गेले. त्या वेळी बहुतेक लोक बेडरूममध्ये झोपलेले आणि पडल्या त्या मुख्यतः हॉलच्या खोल्या, नाहीतर आकडा कुठे गेला असता विचार करवत नाही.

मुळात महायुद्धानंतर तिकडे घरांची प्रचंड टंचाई, म्हणून कारखान्यात ओतलेली काँक्रीटची पॅनेलं आणून एकावर एक रचायची अशी डॅनिश पद्धत घेतली, आणि ती मूळची सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींसाठी. यात पिलर-बीमची फ्रेमच नाही, पॅनेल हाच आधार, तो सरकला की लोडला दुसरी वाटच नाही. माझ्या मते खरा दोष इथे आहे, गॅस फक्त निमित्त.

1970 मध्ये ब्रिटनने नियम बदलला: पाच किंवा जास्त मजले असतील तर डिझाइन करताना एकेक आधार काढून बघायचा, बाकीचं टिकत नसेल तर तो आधार चौरस मीटरला 34 किलोन्यूटन (साधारण साडेतीन टन वजनाइतका) दाब सोसेल इतका मजबूत करायचा.

आपल्याकडे घाटकोपरला 25 जुलै 2017 ला सिद्धी साई ही चार मजली बिल्डिंग पडली, 17 माणसं गेली, आणि तळमजल्यावर रिनोव्हेशन करताना पिलरला हात लावल्याचा आरोप झाला. तिथे गॅसही नव्हता, स्फोटही नव्हता.

रोनन पॉइंटचा पडलेला कोपरा पुन्हा बांधून लोक परत राहायला आले. 1986 मध्ये टॉवर शेवटी उतरवायला घेतला, एकेक पॅनेल सुटं करून, तेव्हा काही जॉइंटमध्ये काँक्रीटऐवजी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले सापडले.