संडे स्कूल आणि व्हीबीएस: लहान मंडळीने कशासाठी काय करायचं

एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपत आल्या की मंडळीत, म्हणजे चर्चच्या कुटुंबांत, दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘संडे स्कूल चालूच आहे की, मग वेगळी व्हीबीएस कशाला?’ आणि दुसरं, ‘व्हीबीएसला एवढी मुलं येतात, मग वर्षभर संडे स्कूलची ओढाताण कशाला?’ संडे स्कूल म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा आणि व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. दोन्हीकडे मुलं असतात, हातवारे करून म्हणायची गाणी असतात, बायबलमधली गोष्ट, पाठांतराचं वचन आणि शेवटी खाऊ असतो. शिकवणारीही बहुधा तीच चार-पाच माणसं. त्यामुळे दोन्ही एकाच कामाची लहान-मोठी रूपं वाटतात. तशी ती नाहीत, आणि साठ-सत्तर कुटुंबांच्या मंडळीत हा फरक लक्षात न घेतल्याचा भार त्या चार-पाच माणसांवरच पडतो.

संडे स्कूल, म्हणजे जुन्या लोकांची शब्बाथशाळा, मंडळीच्या स्वतःच्या मुलांसाठी असते. दर रविवारी तासभर, उपासनेच्या आधी किंवा उपासना चालू असताना बाजूच्या खोलीत. तीन-चार वर्षांचं मूल येतं आणि चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गापर्यंत पोहोचतं. व्हीबीएस असते आठ-दहा दिवसांची. सकाळी नाश्ता करून आलेली मुलं दुपारच्या जेवणाला घरी जातात. ती मंडळीच्या मुलांसाठी असतेच, पण शेजारच्या सोसायटीतल्या, गल्लीतल्या, वर्गमित्रांच्या घरच्या मुलांसाठीही तिचं दार उघडं असतं. कॅथलिक पॅरिशमध्ये, उदाहरणार्थ नाशिकरोडला, रविवारचे कॅटेकिझमचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, वर्ग चालतात, पण त्यांचा रोख प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीकडे असतो. इथे मी प्रॉटेस्टंट मंडळ्यांबद्दलच बोलते आहे.

दोघींचा जन्म पाहिला की फरक जास्त कळतो. रॉबर्ट रेक्स हा इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा वृत्तपत्र चालवणारा माणूस. तिथली गरीब मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबत आणि रविवारी रस्त्यावर मोकाट असत. १७८० मध्ये त्याने त्यांच्यासाठी रविवारची शाळा सुरू केली आणि पहिलं काम हातात घेतलं ते वाचायला शिकवण्याचं. बायबल हेच वाचनाचं पुस्तक होतं. व्हीबीएस शंभराहून जास्त वर्षांनी आली, अमेरिकेत. १८९८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी गर्दीच्या वस्तीतल्या मुलांसाठी चक्क एका दारूच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेऊन सकाळची शाळा भरवली. शाळांना सुट्टी, आईबाप कामावर, मुलं दिवसभर रस्त्यावर, ही तिथली अडचण होती. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना शहरभर नेली. एकीची सुरुवात अक्षरओळखीतून झाली, दुसरीची सुट्टीतल्या रिकाम्या सकाळींतून. आजही दोघींचं बळ तिथेच आहे.

अक्षरओळखीचा मुद्दा जुना झाला असं कुणी म्हणेल. नाशिकमध्ये तो पुन्हा नवा झाला आहे. आपल्या मंडळीतली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी छान बोलतात, पण मराठी बायबल हातात दिलं की ओळीवर बोट ठेवून अडखळतात. उपासनेत ना. वा. टिळकांचं पद सुरू झालं की मोठी माणसं पुस्तक न उघडता गातात आणि मुलं नुसती ओठ हलवतात. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर, जलालपूर, इथून हाकेच्या अंतरावर असताना हे व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. यावरचा उपाय आठ दिवसांच्या शिबिरात नाही. दर रविवारी एका मुलाने बायबलच्या चार ओव्या मोठ्याने वाचायच्या, चुकलेलं जोडाक्षर शिकवणाऱ्या ताईने शांतपणे पुन्हा वाचून घ्यायचं, असं दोन वर्षं चाललं तर मूल उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभं राहतं. हे काम संडे स्कूलचंच आहे.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांनाही शरणपूरची गोष्ट फारशी माहीत नसते. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये ही ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे येऊन लिहायला-वाचायला आणि हातचं काम करायला शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या दफनाची प्रार्थना वाचून दाखवली ती वेनराइटने, आणि तिथल्या झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. शरणपूरची ती शाळा रोजची होती, रविवारची नव्हे. पण मुलांना धीराने वाचायला शिकवल्याचं फळ कुठे जाऊन दिसेल हे शिकवणाऱ्याला कधी कळत नाही, हे नाशिकच्या मंडळीला कुणी वेगळं सांगायला नको.

आता सेवेला उभं राहणाऱ्यांबद्दल. व्हीबीएसला बरीच माणसं लागतात, पण थोडे दिवस. नोंदणीला एक, गाण्यांना दोघं, बिगिनर, प्रायमरी, ज्युनिअर, इंटर अशा गटांना प्रत्येकी दोन शिक्षक, कागदकामाला कुणी, खाऊला महिला मंडळ. गोष्टी, गाणी, वह्या, विषय हे सगळं तयार पुस्तकांतून येतं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण एक-दोन दिवसांत होतं. कॉलेजची मुलं यात फुलतात. इतर वेळी उपासनेत मागच्या बाकावर बसणारा मुलगा इथे ढोलकी घेऊन चाळीस मुलांना नाचवतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, ज्यांना प्रत्येक रविवार मिळत नाही, तेही चार सकाळी रजा टाकून येऊ शकतात.

संडे स्कूलला माणसं कमी लागतात, पण ती टिकणारी. जो शिक्षक महिन्यातले दोन रविवार येत नाही, त्याच्या वर्गातली मुलंही हळूहळू येईनाशी होतात. मुलांना त्या ताईची, त्या काकांची सवय लागते. कुणाच्या आजीचं ऑपरेशन झालं, कुणाचे वडील घरी बसलेत, हे रविवारच्या वर्गातच बाहेर येतं आणि ताईने सांगितलं की पाळकसाहेबांपर्यंत पोहोचतं. शिवाय या शिक्षकांचं उपदेश ऐकणं बुडतं, वर्षानुवर्षं. याकडे मंडळीचं लक्ष नसतं. महिन्यातून एक रविवार मुलं मोठ्यांबरोबर उपासनेत बसली तर शिक्षकांनाही बसायला मिळेल. एवढी सोय तर करता यावी.

एक नियम दोन्हीकडे सारखाच हवा: कोणत्याही खोलीत मुलांबरोबर एकटा मोठा माणूस असू नये, किमान दोघं असावेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून हा विषय सोडून देणं मला मान्य नाही. व्हीबीएसला आणखी एक गोष्ट जोडावी. इतर धर्मांच्या घरांतली मुलं येणार असतील तर तिथे काय शिकवलं जाईल, कुठली गाणी होतील हे आईवडिलांना आधी स्पष्ट सांगावं आणि त्यांची लेखी संमती घ्यावी. शेजाऱ्यांचा विश्वास याच मोकळेपणावर टिकतो.

खर्चाचं थोडक्यात. संडे स्कूलचा खर्च मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात बसतो, खडू-वह्या आणि नाताळची नाटिका एवढाच तो असतो. व्हीबीएससाठी वेगळी देणगी गोळा करावी लागते आणि लोक ती आनंदाने देतात, कारण समारोपाच्या दिवशी मुलं रंगीत टोप्या घालून समोर उभी राहतात. संडे स्कूलचं असं काही डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच वार्षिक अहवालात दोन्हींची हजेरी एकत्र करून ‘मुलांमधली सेवा’ अशी एकच ओळ लिहू नये. मेमध्ये आठवडाभर आलेलं मूल आणि वर्षभर येणारं मूल एकाच बेरजेत धरलं की रविवारचा वर्ग सहा मुलांवर आलाय हे कमिटीला दिसतच नाही.

खरी अडचण व्हीबीएस संपल्यानंतरच्या रविवारी येते. शनिवारी समारोप होतो, शिक्षक थकलेले असतात, अर्धी कुटुंबं अहिल्यानगरला किंवा जालन्याला गावी निघालेली असतात आणि संडे स्कूलला तर जूनपर्यंत सुट्टी. जे मूल आठ दिवस हट्टाने आईला लवकर उठवून येत होतं, ते रविवारी आलंच तर दाराला कुलूप दिसतं. माझं मत स्पष्ट आहे. लहान मंडळीने आधी संडे स्कूलचे शिक्षक मोजावेत आणि त्यांना जूनमध्येही उत्साह उरेल एवढीच व्हीबीएस घ्यावी. दहा दिवस झेपत नसतील तर पाच दिवसांची घ्यावी. शिक्षक कमी असतील तर शेजारच्या मंडळीबरोबर मिळून घ्यावी. संडे स्कूलच्या दोघा-तिघांना व्हीबीएसची मुख्य जबाबदारी देऊ नये, ती तरुण संघाकडे जावी. आणि मेमधला तो एक रविवार, समारोपानंतरचा, वर्ग उघडा ठेवावा, पाचच मुलं आली तरी.

नोंदणीचे फॉर्म बहुतेक ठिकाणी समारोपानंतर कपाटात जातात. ते संडे स्कूलच्या ताईच्या हाती द्यावेत. मंडळीतल्याच ज्या घरांची मुलं व्हीबीएसला आली पण रविवारी येत नाहीत, त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करावा. बहुतेकदा कारण साधं असतं: रविवारी सकाळी ट्यूशन, किंवा इंदिरानगरहून मुलाला आणायला कुणी नाही. रिक्षाची सोय एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतली तरी त्यांतली काही मुलं रविवारी येऊ लागतात.