गिटार, बधिर बोटं आणि ‘नस’ नावाचा घोळ

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत आला. हाताला मुंग्या येणं म्हणजे नसांमध्ये ब्लॉकेज, रक्त आतल्या आत गोठतंय, तांब्याचं कडं घाला. त्याच संध्याकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या गिटारच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारा इंजिनिअरिंगचा मुलगा डावा हात झटकत म्हणाला, “काका, एफ कॉर्ड पकडली का हात पार बधिर होऊन जाते. रक्तच थांबून जाते बहुतेक.” संदेश लिहिणारा कोण ते मला माहीत नाही, पण त्याची आणि या हुशार पोराची चूक एकच आहे. आणि त्या चुकीचा अर्धा दोष मी आपल्या ‘नस’ या शब्दाला देतो.

दवाखान्यात रक्त काढतात ते नसेतून. झोपेत पोटरीची नस चढते. सकाळी मानेची नस अखडते. कंबरेची नस दबते. यातली पहिली रक्तवाहिनी आहे, दुसरा आणि तिसरा स्नायू आहे, आणि चौथी म्हणजे चेता, मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणारी केबल. तीन निराळ्या वस्तूंना आपण एकच नाव दिलंय. मग ‘नस दबली’ ऐकलं की डोळ्यासमोर पाय पडलेला पाण्याचा पाइप येतो, आणि कडी विकणाऱ्यांचं काम सोपं होतं.

रक्त थांबतं की नाही हे स्वतः तपासता येतं. पुढच्या वेळी बोटं बधिर झाली की दुसऱ्या हाताने अंगठ्याखाली मनगटावर नाडी बघा. ती ठणठणीत चालू असते. नखं गुलाबी असतात, हात उबदार असतो. हाताला रक्त व्यवस्थित मिळतंय. उपासमार होतेय ती चेतेची, आणि तीही मनगटातल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात.

मला हे कळलं ते स्वतःच्या डाव्या हातामुळे. चाळिशी उलटल्यावर गिटार हातात घेतली, एफसारख्या बार कॉर्डच्या, म्हणजे एकच बोट आडवं टाकून तारा दाबायच्या पकडीच्या, मागे लागलो, आणि महिन्याभरात रात्री तीनला जाग येऊ लागली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट जणू दुसऱ्याच कुणाचं. उठून हात झटकला की पाच मिनिटांत ठीक. गंमत म्हणजे अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची बाजू शाबूत! एकाच बोटाच्या मधोमध सीमारेषा. रक्त थांबलं असतं तर अशी रेष आखून थांबलं नसतं. ही रेष म्हणजे दोन चेतांच्या हद्दीची खूण आहे. अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतचा मुलूख मीडियन चेतेचा, उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी अल्नर चेतेची. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते ती ही अल्नर. तळहाताची अंगठ्याजवळची त्वचाही मीडियनच्याच हद्दीत येते, पण तिथे जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटून वरच्या वर निघून जाते. म्हणून बोटं बधिर पण तळवा ठीक असेल तर घोटाळा मनगटात आहे असा संशय घ्यायचा.

आता मनगटाच्या आत. तिथे आठ छोट्या हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर एक जाड, न ताणणारा अस्थिबंध छपरासारखा टाकलेला आहे. हाच कार्पल टनेल, मनगटातला बोगदा. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, जातात. चार बोटांच्या प्रत्येकी दोन आणि अंगठ्याची एक. त्यांच्या गर्दीत दहावी मीडियन चेता. कंडरा दोरखंडासारख्या चिवट, चेता मऊ. भिंती हलत नाहीत, छप्पर ताणत नाही, मग कंडरांवरचं आवरण जरा सुजलं किंवा मनगट वाकलं की दाब वाढतो आणि तो सोसते ती सगळ्यात मऊ वस्तू.

हा दाब माणसाच्या जिवंत मनगटात नळी घालून मोजलेला आहे. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मनगट सरळ असताना निरोगी लोकांच्या बोगद्यात सरासरी अडीच मिलिमीटर पारा इतकाच दाब आढळला. त्रास असलेल्यांत तो ३२ होता. निरोगी माणसाने मनगट पूर्ण वाकवलं की त्याच्याही बोगद्यात दाब तिशीला पोचत होता, आणि त्रास असलेल्यांत नव्वदीच्या पुढे. म्हणजे निव्वळ मनगटाच्या कोनाने दाब दहा-बारा पट होतो! मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा गिटार बाजूला ठेवून मनगट वाकवून-सरळ करून बघत बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, रक्तदाब १२० असतो, मग ३० चं काय एवढं? इथेच मला हा विषय सगळ्यात सुंदर वाटतो. १२० हा धमनीतला, आत येणाऱ्या रक्ताचा दाब. केशवाहिन्यांमधून जाऊन परत निघणाऱ्या सूक्ष्म शिरांमध्ये तो अगदी थोडा उरलेला असतो. बाहेरून ३० चा दाब आला की धमनी हलत नाही, पण शीर चेपते. नळ चालू आणि मोरीचं तोंड तुंबलेलं. मग जे न्हाणीघरात होतं तेच चेतेत होतं, पाणी साचतं. केशवाहिन्यांतून द्रव झिरपून चेतेच्या आत भरतो, आणि चेतेच्या आतल्या भागात असा साचलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्याच नाहीत. सूज बोगद्यातली जागा खाते, दाब आणखी वाढतो, शीर आणखी चेपते. सशांच्या चेतांवर केलेल्या प्रयोगांत २० ते ३० मिलिमीटरला शिरांतला प्रवाह मंदावतो आणि ६० ते ८० ला चेतेतला रक्तप्रवाह पूर्ण थांबतो, असं दिसलं आहे.

प्राणवायू कमी पडल्याने नेमकं काय अडतं? शाळेत चेतापेशीची आकृती काढली असेल, गोल पेशी आणि तिची शेपटी, म्हणजे अक्षतंतू. वहीच्या पानात मावावी म्हणून ती शेपटी आखूड काढतात. तर्जनीच्या टोकाचा स्पर्श नेणाऱ्या पेशीचा गोल भाग मानेच्या मणक्यांजवळ असतो आणि तंतू थेट बोटापर्यंत, म्हणजे जवळपास ८५ सेंटिमीटर. पेशीचा व्यास मिलिमीटरचा विसावा भाग धरला आणि तिला आपल्या नागपुरी संत्र्याएवढी मोठी केली, तर झिरो माईलच्या खांबाशी ठेवलेल्या त्या संत्र्यातून बोटभर जाडीची दोरी निघेल आणि ती एक किलोमीटरपेक्षा लांब जाईल. सीताबर्डीच्या गर्दीत कुठेतरी तिचं टोक सापडेल.

या किलोमीटरभर दोरीला लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं संत्र्यात तयार होतात. ती टोकापर्यंत नुसती पसरत जातील म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून तंतूच्या आत रुळांसारख्या सूक्ष्मनलिका आहेत आणि त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर मालाची पिशवी घेऊन अक्षरशः चालत जातं. दोन पाय, एक पाऊल आठ नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. परतीचा माल डायनिन नावाचं दुसरं प्रथिन आणतं. जलद माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर जातो, म्हणजे मानेतून निघालेली पिशवी बोटाशी पोचायला दोन ते चार दिवस. तंतूचा सांगाडा बांधणारा माल दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच सरकतो. (संदेशाचा वेग मात्र वेगळा, सेकंदाला ५० मीटरच्या आसपास. रुळावरून मालगाडी रांगते आणि शेजारच्या तारेतून फोन क्षणात लागतो, तसं.) प्राणवायू नाही तर एटीपी नाही, एटीपी नाही तर पाऊल नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत साधारण ३० मिलिमीटरचा दाब काही तास राहिला की ही वाहतूक रखडते. माल दाबाच्या जागेशी तुंबतो आणि पलीकडचा तंतू उपाशी राहतो.

तंतूच्या पडद्यावरचे सोडियमचे पंपही एटीपीवरच चालतात. ते मंदावले की आधी निरोप अडतो, हा बधिरपणा. दाब सुटला, रक्त परत आलं की पडदा काही काळ बिथरलेला असतो आणि कुणी न सांगता संदेश सोडत बसतो, या मुंग्या. त्या बहुधा हात मोकळा होताना येतात, ते यामुळे. जाड, मायेलिनचं वेष्टण असलेले स्पर्शाचे तंतू दाबाला आधी हार मानतात, वेदनेचे बारीक तंतू उशिरा. म्हणून बोटाला कापूस कळत नाही पण टाचणी कळते.

१९७३ साली अप्टन आणि मॅककोमस यांनी यावरून एक धाडसी अनुमान मांडलं. मानेशी चेता थोडी दबलेली असेल तर तिथूनच माल कमी निघतो, मग मनगटातला एरवी सहज सोसला असता असा किरकोळ दाबही पुरतो. याला दुहेरी चेप म्हणतात. त्यावर वाद आहेत, पण मान वाकवून फ्रेटबोर्डकडे, म्हणजे तारा दाबायच्या फळीकडे, टक लावून बसणाऱ्याने ते लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता गिटार. साध्या ॲकॉस्टिक गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण ७० किलो वजनाच्या आसपास असतो. बोटाच्या टोकाने जेवढा जोर लावाल त्याच्या दोन-तीन पट ताण बोगद्यातल्या कंडरेत येतो, आणि दाबाचा तो भार मनगटाच्या कोनाच्या भाराशी जोडला जातो. पट्टा सैल सोडून गिटार मांडीखाली लोंबवली की डावं मनगट जवळजवळ काटकोनात वाकतं. नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, वर उचलून गिटारचं डोकं खांद्याच्या उंचीला आणलं की तेच मनगट आपोआप सरळ होतं. क्लासिकल वाजवणारे डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेतात ते उगाच नाही. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून ठेवा, कमी जोर लागतो. एक सूर धरून जोर हळूहळू कमी करत न्या, तार खरखरायला लागली की त्याच्या जरा वर थांबा. आपण केवढा फुकटचा जोर लावतो ते पाहून आश्चर्य वाटेल.

नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात गिटारचं लाकूड पाणी सोडतं, जुलैत दमट हवेत ते फुगतं, पुढची फळी वर येते आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. उन्हाळ्यात सहज वाजणारी एफ पावसाळ्यात छळायला लागली तर हाताला दोष देण्याआधी तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, तपासून घ्या.

उजवा हातही सुटत नाही. कोपर गिटारच्या कडेवर टेकवून तासभर वाकवलेलं असेल तर अल्नर चेता ताणली जाते आणि करंगळी झोपते. बार धरताना अंगठ्याच्या मुळाशी जी आग होते ती मात्र थकलेल्या स्नायूची, हात सोडला की विझते. टोकांवरचे घट्टे वेगळेच, ते हवेतच.

‘दुखलं तरी वाजवत राहा, त्याशिवाय हात बसत नाही’ असं सांगणारे उस्ताद गल्लोगल्ली आहेत. स्नायूला सरावाने बळ येतं, हे खरं. चेतेला दाबाने बळ येत नाही. बधिर हाताने केलेला रियाज हा फक्त दाबाचा वेळ वाढवणं आहे. तांब्याच्या आणि चुंबकाच्या कड्यांनी बोगद्यातला दाब एका मिलिमीटरनेही उतरत नाही, आणि ‘नस बसवून देतो’ म्हणत मनगटावर अंगठा रगडणारे तर दाब वाढवतात. मला याचा राग येतो, कारण या नादात घालवलेल्या महिन्यांत उपचाराची सोपी वेळ निघून जाते.

सोपा उपचार म्हणजे रात्री मनगट सरळ धरणारा पट्टा. झोपेत आपण हात मुडपतो आणि दाब तासन्‌तास चढलेला राहतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी धंतोलीतल्या औषधाच्या दुकानातून पट्टा आणला, नेक वर घेतली, वीस मिनिटांनी हात मोकळा सोडायची सवय लावली, आणि काही आठवड्यांत रात्रीची जाग थांबली. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांतही बोगदा अरुंद पडतो, त्यामुळे सगळं खापर गिटारवर फोडू नये. त्या तपासण्या आणि चेतेचा वेग मोजणारी एनसीव्ही कधी करायची हे डॉक्टर ठरवतील. गरज पडली तर इंजेक्शन आहे, आणि शेवटी ते अस्थिबंधाचं छप्पर कापून बोगदा मोकळा करता येतो.

बधिरपणा दिवसाही जाईनासा झाला, हातातून कप निसटू लागला, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने बसका दिसू लागला, तर एक दिवसही वाट बघू नका. नुसतं मायेलिन खराब झालं असेल तर ते काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येतं. तंतूच तुटला असेल तर त्याला जागेपासून नव्याने वाढावं लागतं, साधारण दिवसाला एक मिलिमीटर, कारण बांधकामाचा माल त्याच रांगत्या गाडीने येतो. मी आज वर्गातल्या त्या मुलाच्या हातावर टेप धरून मोजलं. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने. त्याने हिशेब ऐकला, गिटारचा पट्टा चार भोकं वर घेतला आणि मनगट सरळ ठेवून एफ धरली.