मनगटावरचं घड्याळ आणि धावपटूची नाडी

स्मार्टवॉचची खरी परीक्षा मैदानावर होते, आणि तीही ४०० मीटरचे इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत जोरात धावायच्या फेऱ्या, मारताना. घड्याळाच्या तळाशी हिरवे दिवे असतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश घटतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. माणूस स्वस्थ बसलेला असेल तर हे काम ते उत्तम करतं.

धावताना मात्र हात झुलतो, पट्टा सरकतो आणि प्रकाशात पावलांचा तालही मिसळतो. बऱ्याच धावपटूंची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, आणि जोरात धावताना हृदयाचे ठोकेही त्याच घरात असतात. मग घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं. धावपटूंच्या भाषेत हा ‘कॅडन्स लॉक’. सावकाश धावणाऱ्याला १७० चा आकडा दिसतो आणि तो विनाकारण आणखी मंदावतो. शिवाय छोट्या इंटरव्हलमध्ये मनगटावरचा आकडा खऱ्या ठोक्यांच्या मागून येतो. तो वर चढेपर्यंत फेरी संपत आलेली असते.

छातीचा पट्टा इथे कितीतरी सरस, कारण तो प्रकाशावर विसंबत नाही, हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी मापक १९८२ मध्ये बाजारात आणला. इतकं जुनं तंत्र गंभीर सरावात आजही टिकून आहे, यात मला नवल वाटत नाही.

घड्याळ खर्च झालेल्या कॅलरींचा जो आकडा दाखवतं, त्याबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर मनगटावरची अशी सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलामुलींनी अशा आकड्यावरून जेवण ठरवलं, तर शरीराची उपासमार होऊ शकते. पाळी थांबणं, हाडांना बारीक तडे जाणं हे त्याचे परिणाम. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिलं.

अंतराचं गणितही समजून घ्यावं. मॅरेथॉनचा मार्ग सायकलवर बसवलेल्या मोजयंत्राने, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जादा धरतात. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो. त्यात मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींवर आपटून जीपीएसचे संकेत भरकटतात. घड्याळ ४२.१९५ ऐवजी ४२.६ किलोमीटर दाखवतं ते यामुळे. त्याच्या पेसवर, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या आकड्यावर, विसंबलं तर ठरवलेली वेळ हुकते. शर्यतीत किलोमीटरच्या पाट्या बघून हिशेब ठेवावा.

घड्याळ सर्वांत उपयोगी पडतं ते झोपेत, हात स्थिर असताना. विश्रांतीच्या नाडीची आठवड्यांमागून आठवडे नोंद राहते. तुमची नाडी एरवी ४८ असेल आणि सलग दोन दिवस ती ५५ दिसली, तर ताप येऊ घातलाय, झोप अपुरी आहे किंवा सराव जास्त झालाय अशी शंका घ्यायला जागा आहे. त्या दिवशीचे इंटरव्हल पुढे ढकलावेत आणि प्रशिक्षकांशी बोलावं.