जुन्या गाडीचं हँडल झिणझिणतं, ते नेमकं कशानं?

जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चा पिस्टन एका फेऱ्यात ९० मिमी वर आणि ९० मिमी खाली जातो. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) हे सेकंदात ५० वेळा होतं, म्हणजे पिस्टन सेकंदात १०० वेळा थांबून उलट फिरतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम धरा. त्यांना थांबवून परतवायला ढोबळ हिशेबाने १८० किलो वजनाइतका जोर लागतो. ४००० ला तोच जोर ३२० किलोवर जातो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो.

क्रँकवरचं (पिस्टनच्या खाली-वर चालीने गोल फिरणाऱ्या दांड्यावरचं) वजन हा जोर पुरता मारू शकत नाही. पिस्टनचा सगळा धक्का मारेल एवढं वजन लावलं, तर पिस्टन मध्यावर असताना तेच वजन इंजिनाला पुढे-मागे ओढतं. म्हणून पिस्टनकडच्या वजनाचा साधारण निम्मा भागच तोलतात. नव्या ३५० इंजिनांत (२०२० ची मिटिऑर पहिली) उलट फिरून कंप मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, जुन्यांत नाही. तेव्हा हा जन्मजात कंप राहणारच. काढायचा तो वर्षानुवर्षं चिकटलेला.

आधी कंप कुठला ते ओळखा. रिकाम्या रस्त्यावर ज्या वेगाला हात झिणझिणतात, तिथे ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. झिणझिण गेली तर दोष इंजिनाकडे, राहिली तर चाक, टायर किंवा चेनमध्ये. नागपुरात आणखी एक फसगत होते, ती सिमेंट रोडची. साडेचार मीटरवर सांधे असतील तर ५४ च्या वेगाला सेकंदाला तीनेक ठोके बसतात. ती धडधड असते. इंजिनाचे ५० ठोके मोजता येत नाहीत, त्यांनी फक्त बोटं बधिर होतात.

मोबाइलवरच्या कंप मोजणाऱ्या ॲपवरही फार विसंबू नका. सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ५० कंपांच्या) पुढचं त्याला खरं दिसत नाही, आणि आपलं काम तर तिथूनच सुरू होतं.

इंजिन फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारे, बोल्ट हे पहिलं काम, आणि बहुतेक गाड्यांत निम्मं दुखणं इथेच असतं. नुसता पाना घेऊन कसत सुटू नका. सगळे बोल्ट सैल करा. प्रत्येक बोल्ट बोटाने आत सरकला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर इंजिन वाकडं बसलंय. प्लेट आणि इंजिन यांच्यात फट असेल तर फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) मोजून तेवढ्या जाडीचा वायसर घाला. बोल्टने ओढून फट बुजवली की प्लेट कायम ताणात राहते आणि काही महिन्यांत वेल्डिंगपाशी तडकते. मग खालचे-मागचे, त्यानंतर पुढचे आणि सगळ्यात शेवटी हेडपासून फ्रेमकडे जाणारी पट्टी, या क्रमाने कसा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर ८.८ ग्रेडच्या ८ मिमी बोल्टला २२ ते २५ आणि १० मिमीला ४० ते ४५ न्यूटन-मीटर टॉर्क (कसण्याचा जोर) पुरतो. जुन्या बुलेटवर काही आटे इंची मापाचे आहेत. तिथे मिलिमीटरचा नट रेटला तर आटे गेलेच.

फ्रेमला नवं पावडर कोटिंग केलं असेल तर बोल्टखालचा रंग खरवडून काढा. तो दबून झिजतो आणि कसलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. ५०० किमीनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

सिलिंडर बोअर करून (आतून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकला आणि गाडी थरथरायला लागली, ही तक्रार नेहमीची. जुना पिस्टन फेकू नका. पिन आणि रिंगांसकट दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. नवा २० ग्रॅमने जड निघाला तर ३००० आरपीएमला त्याचा जादा जोर ९ किलोचा! पिस्टन घासून हलका करण्यापेक्षा दुसऱ्या मेकचा हलका पिस्टन शोधलेला बरा. पिनच्या बॉसला (पिन बसते त्या जाड भागाला) हात लावणं तर धोक्याचंच.

कनेक्टिंग रॉड किट बदललं असेल तर क्रँक प्रेस केल्यावर डायल गेजवर फिरवून पाहिला का, हे लेथवाल्याला जरूर विचारा. रनआउट (फिरताना होणारा हेलकावा) ०.०५ मिमीच्या आत हवा. टायमिंग ॲडव्हान्स झालं (ठिणगी लवकर पडू लागली), ठिणगीच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४ मिमीवरून सरकला, तरी इंजिन खडबडतं. चेनला २५ ते ३० मिमी ढील ठेवा आणि चाक फिरवत ती चार ठिकाणी मोजा.

एवढं करून हँडल नेमकं एकाच वेगाला, समजा ६५ ला, झिणझिणत असेल आणि ७५ ला शांत होत असेल, तर तो अनुनाद आहे, म्हणजे इंजिनाचा कंप हँडलच्या स्वतःच्या कंपाशी जुळलाय. हँडलच्या दोन्ही टोकांना १५० ते २५० ग्रॅमची लोखंडी वजनं बसवा. वस्तुमान वाढलं की हँडलची स्वतःची वारंवारता खाली उतरते आणि झिणझिण तुमच्या नेहमीच्या वेगावरून हलते. हँडलमध्ये वाळू भरू नका, ओल धरून आतून गंजतं. ग्रिप आणि फुटरेस्टचे रबर मात्र बदला. मे महिन्यात ४५ अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर दगडासारखे होतात. पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) १६ ऐवजी १७ दात केले तर त्याच वेगाला आरपीएम ६ टक्क्यांनी आणि धक्क्याचा जोर ११ टक्क्यांनी उतरतो. चढावर आणि डबलसीट असताना ओढ थोडी कमी पडेल, तेवढं चालवून घ्या.